त्याच्या पडण्याबद्दल बोलले, तर मी फॅन उरत नाही का?

(पत्र लिहिणारीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पत्र एका २७ वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं आहे. ती मूळची खानदेशातली, नोकरीसाठी पुण्यात राहते. २०१४ साली दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर तिनं टीव्हीवर सोची ऑलिंपिक बघितलं आणि तेव्हापासून ती जपानचा फिगर स्केटर युझुरु हान्यू याची चाहती आहे. त्याच्या भारतातल्या चाहत्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात ती सहा वर्षं आहे. यंदा फेब्रुवारीत मिलानचं ऑलिंपिक चालू असताना ग्रुपवर जुन्या आठवणी निघाल्या. तिनं लिहिलं, ‘२०१४ मध्ये शांघायला डोक्याला मार लागल्यावर त्यानं उतरायलाच नको होतं, आणि २०२२ मध्ये बीजिंगला त्या क्वाड ॲक्सेल उडीचा मूर्खपणा केला नसता तर पदक नक्की होतं.’ यावरून ग्रुप तिच्यावर तुटून पडला. ‘तू त्याच्या त्यागाचा अपमान केलास, तू दुसऱ्या कुणाची तरी फॅन आहेस,’ इथपर्यंत. ॲडमिन ताईंनी माफी मागायला सांगितलं आहे. घरी दादा उलटं बोलतो: ‘चमचमते कपडे घालणारा बायकी मुलगा, चाहते अंगावर टेडी बेअर फेकतात, सगळं पीआर आहे.’ पत्राच्या शेवटी तिनं आणखी थोडं लिहिलं आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये हान्यूनं लग्न केल्याचं जाहीर केलं तेव्हा ती दोन दिवस रडली. रात्री जागून त्याच्या बायकोचे फोटो शोधले. नोव्हेंबरमध्ये घटस्फोटाची बातमी आली तेव्हा तिला क्षणभर बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाज अजून जात नाही. ती विचारते, ‘ताई, मी माफी मागू का? ग्रुप सोडू का? आणि मी नक्की कसली फॅन आहे?’

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, प्रश्न ग्रुपचा आहे. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की ग्रुपबद्दल तू तीन पानं लिहिलीस आणि खरं दुखणं शेवटच्या सहा ओळींत आहे. त्या ओळींकडे मी येणार आहे. पण आधी तुझ्या मतांबद्दल बोलू. ती तू विचार करून मांडली होतीस, आणि ग्रुपमध्ये त्या मतांवर कुणी काही बोललंच नाही, सगळे तुझ्यावरच बोलले.

शांघायपासून सुरुवात करते. ८ नोव्हेंबर २०१४, चायना कप. फ्री स्केटच्या, म्हणजे स्पर्धेतल्या दुसऱ्या, लांब टप्प्याच्या आधी सहा मिनिटांचा सराव असतो. एका गटातले सगळे स्केटर एकाच वेळी बर्फावर, प्रत्येक जण आपापल्या उडीच्या वेगात. हान्यू आणि चीनचा यान हान समोरासमोर आदळले. हान्यू बराच वेळ उठला नाही. हनुवटीतून रक्त येत होतं. थोड्या वेळानं डोक्याला पट्टी बांधून तो परत रिंकमध्ये आला आणि साडेचार मिनिटांत पाच वेळा पडला. रौप्यपदक मिळालं. गुण जाहीर झाले तेव्हा ढसाढसा रडला. तो तेव्हा १९ वर्षांचा होता.

इथे मी पूर्णपणे तुझ्या बाजूनं आहे. डोक्याला मार लागल्यावर मेंदूला इजा झाली आहे की नाही, हे त्या दहा-पंधरा मिनिटांत खात्रीनं सांगता येत नाही, आणि अशा वेळी परत डोक्यावर पडणं हा सगळ्यात मोठा धोका असतो. त्याचे प्रशिक्षक ब्रायन ऑर्सर यांनीही त्याला ‘ही शूरपणा दाखवायची वेळ नाही’ अशा अर्थाचं सांगितल्याचं तेव्हा छापून आलं होतं. उतरायचा निर्णय त्याचा होता आणि त्याच्या जिद्दीचा मला आदर आहे. पण एखाद्याच्या जिद्दीचा आदर करून ‘हे थांबवायला हवं होतं’ असंही म्हणता येतं. हा त्याचा अपमान कसा होईल? उलट त्याच्या डोक्याची, त्याच्या पुढच्या पन्नास वर्षांची काळजी त्या वाक्यात आहे.

तुझ्या ग्रुपला राग का आला, ते मात्र मला कळतं, कारण ही गोष्ट आपल्या घरातलीही आहे. १२ मार्च १९११ ला ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली होती, आणि तरी ते रंगमंचावर उभे राहिले. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि सांगणाऱ्याचा आवाज दर वेळी अभिमानानं भरून आलेला असायचा. त्या मुलीच्या आईनं ती रात्र कशी काढली, हे मला कुणी कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. पार मोठी झाल्यावर एकदा हा प्रश्न मनात आला आणि मी सुन्न झाले. कलाकारानं सोसलेलं आपल्याला फार आवडतं. त्याच्या सोसण्यात आपल्याला आपल्या प्रेमाची किंमत दिसते. म्हणून कुणी म्हणालं की ‘हे सोसायला नको होतं,’ तर आपलं प्रेमच कुणी खोटं ठरवतंय असं वाटतं. ग्रुपवर त्या रात्री तेच झालं. ती माणसं वाईट नाहीत, दुखावलेली आहेत.

आता बीजिंग. इथे मात्र मी तुझ्याशी वाद घालणार आहे. ‘ॲक्सेलचा मूर्खपणा केला नसता तर पदक नक्की होतं’ हे तुझं वाक्य आकड्यांवर घासून बघू. हान्यूचे एकूण गुण २८३.२१, चौथा क्रमांक. कांस्यपदक मिळवणाऱ्या शोमा उनोचे २९३.००. म्हणजे दरी ९.७९ गुणांची. चार फेऱ्यांच्या ॲक्सेलची मूळ किंमत १२.५०, ती कमी फिरली आणि तो पडला, म्हणून हाती थोडंच लागलं. तिथे त्यानं दुसरी, सोपी उडी चांगली मारली असती तरी तेवढ्यानं ही दरी भरली असती असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पुढे चार फेऱ्यांच्या सॅल्को या उडीवरही तो पडला होता. आणि दोन दिवस आधीचा शॉर्ट प्रोग्राम, म्हणजे पहिला, छोटा टप्पा आठव. पहिलीच उडी सॅल्को. नेमक्या त्या क्षणी त्याचं पातं बर्फातल्या एका खळग्यात अडकलं, चार फेऱ्यांची उडी एकाच फेरीत संपली आणि नियमानुसार तिला शून्य मिळालं. त्या उडीची मूळ किंमत ९.७०, वर चांगली उतरल्याचे वाढीव गुण वेगळे. बघ, दरी जवळजवळ तेवढीच आहे. शॉर्ट प्रोग्रामनंतर तो आठव्या क्रमांकावर होता. पदक गेलं असेल तर त्या खळग्यात गेलं, असं मी म्हणेन.

आणि ‘मूर्खपणा’ हा शब्द मला खटकला. बाकी सगळ्या उड्या स्केटर पाठमोरा असताना मारतो, ॲक्सेल एकटी पुढे तोंड करून मारतात. म्हणून चार फेऱ्यांची ॲक्सेल खरं तर साडेचार फेऱ्यांची होते. पाऊण सेकंदाच्या आसपासचा वेळ हवेत, त्यात साडेचार वेळा फिरायचं आणि चारेक मिलिमीटर रुंदीच्या पात्यावर, उलट्या दिशेनं, एका पायावर उतरायचं. स्पर्धेत तोवर कुणालाही ती जमली नव्हती. दोन ऑलिंपिक सुवर्णं घरात होती, उजवा घोटा आदल्या दिवशीच्या सरावात परत दुखावला होता, आणि त्यानं उरलेली ताकद या एका उडीत घालायचं ठरवलं. शांघायला तो गोंधळलेल्या डोक्यानं उतरला असेल, बीजिंगला तो पूर्ण शुद्धीत होता. २७ वर्षांच्या माणसानं विचार करून घेतलेला निर्णय तुला पटला नाही, तर ‘मला पटला नाही’ म्हण. तो पडला, पण स्पर्धेच्या अधिकृत निकालपत्रात क्वाड ॲक्सेल म्हणून पहिल्यांदा नोंद झाली ती त्याच्या त्या प्रयत्नाची. सात महिन्यांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, अमेरिकेच्या इलिया मालिनिननं ती उडी पहिल्यांदा पूर्ण केली. हे दोन प्रसंग एकमेकांपासून तोडून बघणं मला जमत नाही.

म्हणजे तुझं एक मत मला पटलं आणि एक पटलं नाही. आपण भांडलो का? नाही. तुझ्या ग्रुपमध्ये नेमकी हीच सवय मोडली आहे.

माझे बाबा दर वर्षी सवाई गंधर्व महोत्सवाला जायचे. तेव्हा रात्रभर गाणं चालायचं. रमणबागेच्या पटांगणावरून पहाटे परत यायचे, मफलर सोडायचे आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या आईला सांगायचे, ‘आज बुवांचा आवाज लागला नाही. दोन तास वाट बघितली, लागलाच नाही.’ ज्या गायकाबद्दल ते असं बोलायचे, त्यांच्याच कॅसेटी घरात दिवसभर वाजत असायच्या, आणि पुढच्या वर्षी त्यांच्याच गाण्याला बाबा भारतीय बैठकीत पहिल्या रांगेत जागा धरून बसायचे. आवाज लागला नाही असं म्हटल्यामुळे त्यांची भक्ती कमी झाली असं कुणाला वाटलं नाही, त्यांना स्वतःला तर नाहीच. आपल्या भाषेत याला रसिक म्हणतात. जो पडणं बघतो, बोलून दाखवतो, आणि उद्या परत येऊन बसतो. तू विचारलंस ना, मी कसली फॅन आहे? शांघाय आणि बीजिंगपुरतं बोलायचं तर तू रसिक आहेस. तिथे तुला काही बदलायची गरज मला दिसत नाही.

फक्त रसिकाला अभ्यासही लागतो, म्हणून एक सुचवते. हे तुझ्यासारख्या सगळ्यांसाठी आहे. ‘आमच्यावर अन्याय झाला, त्या दुसऱ्याला गुण वाटले’ हा वाद स्केटिंगमध्ये रोजचा आहे, तुमच्या ग्रुपवर अमेरिकेच्या नेथन चेनच्या नावानं तो पाच-सहा वर्षं चालू असेल. अशा वादात उतरण्याआधी त्या स्पर्धेचं गुणपत्रक उघड. आंतरराष्ट्रीय स्पर्धांचं गुणपत्रक सगळ्यांसाठी खुलं असतं. प्रत्येक उडीची मूळ किंमत, नऊ जजपैकी प्रत्येकानं उणे पाच ते अधिक पाचमध्ये काय दिलं, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा गाळून सरासरी काय आली, सगळं ओळीनं दिसतं. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जजच्या संगनमताचा घोटाळा झाला, त्यानंतर सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत जाऊन ही आली. ती निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. हान्यूलाही ती निर्दोष वाटत नसावी: वासेदा विद्यापीठातून २०२० साली त्यानं दूरशिक्षणानं पदवी घेतली तेव्हा त्याच्या प्रबंधाचा विषय स्केटिंगच्या उड्या मोशन कॅप्चरनं, म्हणजे शरीराच्या हालचाली संगणकावर नोंदवून, मोजण्याचा होता. म्हणजे त्यालाही शंका होत्या, आणि त्या घेऊन तो मोजमापाकडे गेला. चेनला शिव्या देणाऱ्या पोस्ट त्यानं कधी लिहिल्या नाहीत. बीजिंगला चेननं ३३२.६० गुण मिळवून जिंकलेलं सुवर्ण खणखणीत होतं. ते मान्य केल्यानं तुझ्या माणसाचं काही उणं होत नाही.

आता दादाबद्दल. ‘बायकी’ हा शब्द ऐकला की तुझं रक्त उसळतं असं तू लिहिलंस. माझंही उसळतं. पुरुष स्केटरला हा शब्द जगभर ऐकावा लागतो. २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या जॉनी वीअरबद्दल कॅनडातल्या दोन समालोचकांनी प्रक्षेपणात टवाळी केली. एकानं तर त्याची लिंगचाचणी करायला हवी असं म्हटलं. त्याबद्दल नंतर माफी मागावी लागली. हाच वीअर हान्यूचा आवडता. लहान हान्यू रशियाचा स्केटर प्लुशेन्को याच्यासारखे केस कापून घ्यायचा आणि वीअरच्या हातांची लय बघायचा. पुढे वीअरनं त्याच्यासाठी पोशाखही डिझाइन केला. दादाशी भांडताना आपली चूक अशी होते की आपण ‘तो बायकी नाही, बघ किती ताकद लागते’ असं सिद्ध करायला निघतो. मग बायकी असणं वाईट, हे आपणही कबूल करून बसतो. ज्या मातीत बालगंधर्वांची नेसण्याची ढब बघून बायका नेसायला शिकल्या, तिथल्या माणसानं हातांच्या नजाकतीला घाबरू नये. दादाला सिद्ध करून काही दाखवू नकोस. वेगळं काय करायचं ते शेवटी सांगते.

‘सगळं पीआर आहे’ याचं उत्तर मात्र थोडं लांब आहे, आणि ते मला थेट तुझ्या शेवटच्या सहा ओळींपाशी घेऊन जातं.

बाहेर दिसणारं रूप ठरवून जपलेलं असतं हे खरं. चार लोकांसमोर उभा राहणारा प्रत्येक माणूस ते जपतो. पण त्याखाली माणूसच नाही, हे दादाचं म्हणणं खोटं. ११ मार्च २०११ ला त्याच्या गावी, सेंदाईच्या रिंकवर सराव चालू असताना भूकंप झाला आणि १६ वर्षांचा हा मुलगा पायातल्या स्केटसकट बाहेर पळाला. घरच्यांबरोबर काही दिवस निवारा केंद्रात राहिला. रिंक बंद पडली, मग गावोगावच्या आइस शोमध्ये जाऊन तिथल्या बर्फावर त्यानं सराव केला. पुढे आत्मचरित्राचं मानधन त्यानं त्या सेंदाईच्या रिंकला दिलं. दुसऱ्या सुवर्णानंतर एप्रिल २०१८ मध्ये सेंदाईत मिरवणूक निघाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एक लाखाहून जास्त माणसं उभी होती. एवढी माणसं नुसत्या जाहिरातीनं येत नाहीत.

पण एक गोष्ट लक्षात घे. स्पर्धा खेळत होता तोवर त्यानं सोशल मीडियावर स्वतःचं खातं ठेवलं नाही. काय खातो, कुणाबरोबर फिरतो, कुणावर प्रेम करतो, काही दिसू दिलं नाही. जे दिसलं ते बर्फावर आणि पत्रकार परिषदेत. जी जागा त्यानं रिकामी ठेवली, ती आपण भरली. कुणी त्याला राजकुमार केलं, कुणी संत, कुणी मुलगा मानलं. आणि तू, दहावीतली मुलगी, तुझ्या मनात जे कोवळं होतं ते तिथे नेऊन ठेवलंस. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पंधराव्या वर्षी मन असं कुठेतरी ठेवावंच लागतं, आणि तू ते चांगल्या जागी ठेवलंस. त्याच्याकडे बघून तू नापास झालेली सीएची परीक्षा परत दिलीस, हे तूच लिहिलं आहेस.

म्हणून लग्नाची बातमी आल्यावर आलेलं रडू मला समजतं. तू नवरा गमावला असं तुला वाटलं नसणार. तू नऊ वर्षं ज्या खोलीत राहत होतीस ती दुसऱ्याच कुणाची आहे, हे एका रात्रीत कळलं, त्याचं ते रडू होतं. आणि नोव्हेंबरमधलं ते क्षणभर बरं वाटणं? तेही त्याच खोलीचं: दार परत उघडलं असं वाटलं. मनात असं काही येऊन जातं, त्यावर आपला ताबा नसतो. त्याची शिक्षा स्वतःला आणखी किती वर्षं देणार आहेस? ती लाज आता सोड.

पण रात्री जागून तू त्या मुलीचे फोटो शोधलेस, ते मनात आलेलं नव्हतं, ती केलेली गोष्ट होती. ते चूक होतं. हे मी सौम्य शब्दांत गुंडाळणार नाही, कारण तुला ते ऐकायचं आहे म्हणूनच तू पत्र लिहिलंस असं मला वाटतं. हान्यूनं लग्न जाहीर करताना तिचं नाव सांगितलं नव्हतं. १७ नोव्हेंबर २०२३ ला घटस्फोट जाहीर करताना त्यानं कारण लिहिलं: घराच्या आसपास फिरणारी संशयास्पद माणसं, पाठलाग, बदनामी, तिच्या आणि नातेवाइकांच्या मागे लागलेली माध्यमं, तिला घराबाहेर पडता येईना, आणि आपण तिचं रक्षण करू शकत नाही. लग्नाला १०५ दिवस झाले होते. त्या घराभोवती फिरणाऱ्यांना तू ओळखत नाहीस, तू त्यांच्यातली नाहीस. पण तिचं नाव, तिचा फोटो, तिचं जुनं काम शोधणारे हजारो लोक होते म्हणून ते छापणाऱ्यांना छापावंसं वाटलं. त्या हजारोंत एक तू होतीस. हे एवढंच, याहून जास्त नाही आणि कमीही नाही.

आता काय करायचं? त्या रात्रीचे स्क्रीनशॉट फोनमध्ये असतील तर आज काढून टाक. ग्रुपवर तिचा विषय परत निघाला, आणि तो निघतोच, तर ‘हा विषय नको’ असं एक वाक्य लिही. त्याला किंवा तिला माफीचं पत्र पाठवायचा विचार तू लिहिला आहेस, तो सोडून दे. त्या पत्रानं तुझं मन हलकं होईल आणि त्यांच्या दारात आणखी एक अनोळखी माणूस उभा राहील.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही सांगते. तुमचं माणूस स्केटर नसेल, क्रिकेटपटू असेल, मालिकेतली नटी असेल, गायक असेल. त्यांनी लोकांसमोर जे केलं त्यावर पोटभर बोला, खेळ, गाणं, भूमिका, जाहीर विधानं. जे त्यांनी दार लावून आत ठेवलं ते शोधायला जाऊ नका, आणि कुणी शोधून आणून दाखवलं तर पुढे पाठवू नका.

ग्रुपचं. माफी कशाची मागायची ते नीट ठरव. मताची अजिबात नाही. ‘मूर्खपणा’ या शब्दाची माग, कारण तो शब्द खरंच जास्त होता. ॲडमिन ताईंना ग्रुपवर नको, वेगळा मेसेज कर: ‘ताई, मूर्खपणा हा शब्द मी वापरायला नको होता, त्याबद्दल सॉरी. शांघायबद्दलचं माझं मत तेच आहे. त्याच्या काळजीपोटीच ते आहे. तुम्हाला यावर बोलायचं असेल तर मला आवडेल.’ बस, एवढंच. त्यांनी फोन केला तर ग्रुप राहील. त्यांनी ‘सगळ्यांसमोर माग’ म्हटलं तर शांतपणे बाहेर पड, आणि पडताना लांबलचक निरोपाचा मेसेज टाकू नकोस. सहा वर्षांत त्या ग्रुपमधल्या दोघी-तिघी तुझ्या खऱ्या मैत्रिणी झाल्या असतील, त्या ग्रुपशिवायही राहतील. त्या रात्री गप्प बसलेल्या कुणीतरी नंतर तुला वेगळा मेसेज केला असेल. केला असेल ना? तिला चहाला बोलव.

जपानला जाऊन त्याचा आइस शो बघण्यासाठी तू पैसे साठवते आहेस आणि दादा ती उधळपट्टी म्हणतो. पैसे तुझे आहेत, साठवत राहा. फक्त तिथे तिकिटं बहुतेक लॉटरीनं मिळतात, तेव्हा तिकीट हातात येण्याआधी विमानाचं बुकिंग करू नकोस. आणि तोवर जरा दुसरीकडेही बघ. ज्युनियर ग्रां प्रीच्या स्पर्धा यूट्यूबवर फुकट दिसतात. ज्यांची नावं तुला माहीत नाहीत अशी चौदा-पंधरा वर्षांची मुलं असतात. ज्याच्यावर आपलं प्रेम नाही त्याची उडी बघताना डोळे वेगळेच काम करतात. मग परत हान्यूकडे आलीस की तुला तो आधीपेक्षा जास्त दिसेल.

राहिला दादा. या रविवारी तो मोकळा असेल तेव्हा त्याला १७ फेब्रुवारी २०१८ चा प्योंगचांगचा फ्री स्केट दाखव. आधी काहीही सांगू नकोस. त्याच्या तीन महिने आधी ओसाकात सराव करताना घोटा दुखावला होता, त्यामुळे मधली एकही स्पर्धा खेळला नव्हता, १९४८ आणि १९५२ मध्ये अमेरिकेच्या डिक बटननं केलं त्यानंतर ६६ वर्षांत कुणाला सलग दोनदा हे सुवर्ण जिंकता आलं नव्हतं, यातलं काही नको. फक्त शेवटचं एक मिनिट आलं की त्याला मोबाइल खाली ठेवायला सांग. शेवटची मोठी उडी, तीन फेऱ्यांची लुट्झ. ती नीट उतरत नाही. शरीर कलतं, वाटतं आता गेला, आणि तो त्या एका पायावर कसाबसा तोल धरून उभा राहतो. मग संगीत थांबतं, तो वाकतो आणि दोन्ही हातांनी उजवा घोटा धरतो. बर्फावर पिवळ्या अस्वलांचा पाऊस पडायला लागतो, छोट्या मुली ती गोळा करायला धावतात.

तिथे व्हिडिओ थांबव आणि दादाला विचार, तुला काय दिसलं. तो जे सांगेल ते मध्ये न बोलता ऐक, आणि जमलं तर मला लिहून कळव.

तुझी,
ताई